स्टेपनीखालचं पाणी

व्यवहारी : डिकीत पाणी शिरतं ते वर्षातले चार महिने. तेवढ्यासाठी सगळी गाडी उसवत बसायची, हे काही मला पटत नाही. स्टेपनी उचलावी, खड्ड्यातलं पाणी फडक्यानं टिपावं, मागच्या दिव्यांभोवती आणि रबराखाली सिलिकॉन मारावं आणि कामाला लागावं. फार तर नवं रबर घालावं. मोटारीच्या पत्र्याला इतके सांधे आणि इतकी भोकं असतात की त्यातलं नेमकं कुठलं गळतंय हे हुडकण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात संशयाच्या सगळ्या जागा बुजवून होतात. शिवाय डिकीत आपण ठेवतो काय? जॅक, पाना, एखादी जुनी छत्री आणि भाजीची पिशवी. पाणी बंद झालं म्हणजे झालं. ते कुठून येत होतं याची चौकशी ज्याला वेळ आहे त्यानं करावी.

हौशी : पण तुम्ही बुजवताय ते पाणी दिसलं तिथलं. स्टेपनीचा खड्डा ही डिकीतली सगळ्यात खोल जागा. आत आलेला थेंब कुठूनही आला तरी शेवटी तिथेच जाणार. म्हणजे ते तळं आपल्याला पाण्याचा मुक्काम सांगतं, वाट सांगत नाही. कोकणात कौलारू घर गळायला लागलं की ठिबकतंय त्याच्या बरोबर डोक्यावरचं कौल कुणी बदलत नाही. फुटकं कौल वर आढ्याजवळ असतं आणि पाणी वाशावरून उतरत आलेलं असतं. मोटारीतही तसंच. छतावरच्या अँटेनाच्या बुडातून आत गेलेलं पाणी वायरिंगच्या जुडग्याला धरून मागे येतं. मागच्या काचेचा चिकटवलेला कडेचा थर एका कोपऱ्यात सुटला, की पाणी पत्र्याच्या दुमडीतून घरंगळत चाकावरच्या कमानीपर्यंत पोचतं. हॅचबॅक असेल तर मागच्या वायपरला पाणी देणारी बारीक नळी दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळकांड्यात निसटते, आणि मग भर उन्हाळ्यातही, काच धुतली की डिकी ओली. सनरूफ असेल तर त्याच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबतात. आणि या सगळ्यांवर इलाज म्हणून तुम्ही दिव्यांभोवती सिलिकॉन मारणार! रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

आता हिशोब बघा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो. छत, मागची काच आणि डिकीचं झाकण मिळून तीन चौरस मीटर धरलं, तर उघड्यावर उभ्या गाडीच्या त्या भागावरून वर्षाला दोन हजार लिटरच्या वर पाणी वाहून जातं. त्यातला हजारातला एक भाग आत गेला तरी दोन लिटर झाले. महाबळेश्वरला पाऊस ५००० मिलिमीटरच्या पुढे जातो. तिथे तीच फट पंधरा लिटर आत घेईल. म्हणजे फट डोळ्यांना दिसणारही नाही इतकी लहान असू शकते. अंदाजानं ओढलेल्या रेघेखाली ती येईल, हा निव्वळ जुगार आहे.

व्यवहारी : जुगार तर जुगार, पण डाव स्वस्तातला आहे. तुम्ही सांगता तो शोध कोण करणार? गॅरेजवाल्याच्या बिलात ओळी असतात त्या सामानाच्या आणि मजुरीच्या : रबर इतक्याचं, दिवा इतक्याचा, फिटिंगचे इतके. ‘दिवसभर पाण्याची वाट शोधली’ अशी ओळ घालून त्यानं पैसे मागितले, तर गिऱ्हाईक म्हणेल, मग केलं काय? म्हणून तो रबर बदलतो. रबर हातात दाखवता येतं, जुनं परत देता येतं. यात त्याची लबाडी नाही. आपण ज्याचे पैसे देतो तेच तो करतो.

आणि घरी करायचं म्हटलं तरी फुकट होत नाही. डिकीचं अस्तर काढताना प्लॅस्टिकच्या क्लिपा तुटतात. जुन्या गाडीच्या क्लिपा मिळत नाहीत, मग बाजूचं पॅनेल कायम खडखडतं. दिवा काढायला जाल तर त्याच्या मागे पत्र्यातून आलेले बोल्ट असतात. नट परत आवळताना जरा जोर झाला की दिव्याचं प्लॅस्टिक चिरतं. बरा असलेला दिवा उघडून तुम्हीच त्याचं पॅकिंग हलवता आणि गळतीला नवी जागा करून देता. शोधानंही नुकसान होतं, हे तुम्ही हिशोबात धरतच नाही.

हौशी : धरतो, म्हणून तर आधी काही उघडायचं नाही, आधी बघायचं. पहिलं काम डिकी खडखडीत कोरडी करायची. गालिचा, त्याखालचा नमदा, स्टेपनी, सगळं बाहेर. नमदा ओला राहिला तर पुढचं सगळं व्यर्थ. तो जुनंच पाणी झिरपवत राहतो आणि आपल्याला वाटतं नवं आलं. मग सांध्यांवर, दिव्यांच्या खाली आणि चाकाच्या कमानींवर टॅल्कम पावडर भुरभुरायची. मागची सीट पाडून एकानं टॉर्च घेऊन आत शिरायचं, दुसऱ्यानं बाहेर साधा पाइप धरायचा. सीट पाडलेलीच हवी आणि किल्ली बाहेरच्याकडे. बंद डिकीत माणूस कोंडायचा नसतो. पाण्याला जोर नको, पाऊस पडतो तसं सोडायचं, आणि खालून सुरुवात करायची : बंपरची कड, मग दिव्याची खालची बाजू, दिव्याची वरची बाजू, झाकणाची कड, काच, आणि सगळ्यात शेवटी छत. वरून सुरुवात केली तर एकाच वेळी सगळं भिजतं आणि कुणाचाच गुन्हा सिद्ध होत नाही. प्रत्येक जागी थांबायचं, कारण पाण्याला दुमडीत साठून ओसंडायला वेळ लागतो.

आणि मग दिसतं. पांढऱ्या पावडरीत एक काळपट ओघळ उमटतो, दोऱ्याएवढा. त्याच्या मागे वर जायचं. एका सेडानमध्ये तो ओघळ डाव्या चाकाच्या कमानीवरून वर दिव्याकडे गेला. दिव्याचं पॅकिंग बघावं तर ठीक. त्याच्याही वर, जिथे बाजूचा पत्रा आणि मागचा पत्रा एकमेकांवर चढतात, तिथे कारखान्यात ब्रशनं लावलेलं सीलंट एका टोकाला तडकलं होतं, नखाएवढं. ती गाडी मागून ठोकली गेली होती आणि डेंटिंग-पेंटिंग झालं होतं. पत्रा सरळ झाला, रंग बेमालूम लागला, सांध्यात सीलंट मात्र पुन्हा कुणी भरलं नाही. तुमचं नवं रबर तिथे काय करणार होतं? रबराची शंका असेल तर ती तपासायलाही पैसे लागत नाहीत. कागदाची पट्टी रबरावर ठेवून झाकण लावायचं आणि पट्टी ओढायची. सगळीकडे सारखी घट्ट लागली तर रबर निर्दोष. एका कोपऱ्यात सहज निघाली तर तिथे दाब नाही. बऱ्याचदा दोष रबराचा नसतो, झाकणच तिरकं बसलेलं असतं.

व्यवहारी : ऐकायला छान आहे. पण तुमचा पाइप म्हणजे पाऊस नव्हे. उभ्या गाडीवर पाणी सोडून तुम्ही उभ्या गाडीची गळती शोधता. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, चाकांनी उडवलेलं चिखल-पाणी मागच्या अंगावर ओढलं जातं; ज्या फटीवर पाऊस वरून कधी पडतच नाही तिथे ते खालून चढतं. एक्स्प्रेसवेवर तासभर पावसात चालली की डिकी ओली, दारात रात्रभर भिजली तर कोरडी, अशा गाड्या असतातच. उलटंही होतं. सोसायटीच्या उतारावर नाक खाली करून उभी केली की डिकीच्या झाकणाभोवतीच्या पन्हळीतलं पाणी नेहमीच्या बाजूनं न जाता भलतीकडे साचतं. पन्हळीत गुलमोहराची पानं अडकली की पातळी चढते आणि रबराच्या वरून पाणी आत येतं. पानं काढली की तुमची पाइपवाली परीक्षा पास.

त्यातून आत ओलावा असेल तर आणखी घोळ. दिवसा उन्हानं खड्ड्यातल्या पाण्याची वाफ होते, रात्री थंड झाकणाच्या आतल्या पत्र्यावर ती जमते आणि थेंब थेंब पडते. सकाळी बघणारा शपथेवर सांगेल की पाणी झाकणातून आलं. मग तुम्हाला एक ओघळ सापडला म्हणून तोच गुन्हेगार कशावरून? तुम्हाला एक गळती सापडली. ती तुमच्या तळ्याची आहे की नाही, हे वेगळं सिद्ध करावं लागेल. आणि गळत्या दोन असतील तर पहिली सापडल्याच्या आनंदात दुसरी राहून जाते.

हौशी : हा आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकत नाही. म्हणून एका परीक्षेवर विसंबायचं नाही. पाण्याऐवजी हवेनंही बघता येतं. काचा बंद, ब्लोअर बाहेरची हवा घेणारा आणि पूर्ण जोरात. केबिनमध्ये थोडा दाब तयार होतो, सेडानमध्ये तो सीटमागून डिकीतही पोचतो. बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं की जिथून हवा निसटते तिथे बुडबुडे येतात. पाणी आत यायच्या वाटेनं हवा बाहेर जाते, एवढंच तत्त्व. त्यात उतार, पानं, वाफ यांचा गोंधळ नाही. दुसरं, ओघळ सापडला की लगेच बुजवायचं नाही. सगळं पुन्हा कोरडं करून फक्त तेवढीच जागा भिजवायची. पुन्हा ओघळ आला, की सीलंट भरायचं, वाळू द्यायचं आणि पुन्हा तीच जागा तशीच भिजवायची. आता नाही आला, तर त्या जागेपुरतं मी छातीठोक बोलू शकतो.

धावत्या गाडीचं मात्र तुम्ही म्हणता ते खरं. ती परिस्थिती दारात उभी करता येत नाही. कारखान्यातही गाडी बाहेर पडण्याआधी शॉवर टेस्टमधून जाते, चारी बाजूंनी पाण्याचे फवारे घेते. पुढे तीच गाडी काही वर्षांनी गळते. शॉवर टेस्टला त्या दिवसापुरतंच सांगता येतं, माझ्या पाइपलाही तेवढंच.

व्यवहारी : मग माझा साधा उपाय ऐका. खड्ड्याच्या तळाला रबरी बूच असतं. ते काढून टाका. पाणी येईल आणि जाईल, तळं होणारच नाही. यात काही पाप आहे असं म्हणू नका, कारण गाडी बनवणाऱ्यानंच भोकं ठेवलेली असतात. दारांच्या तळाला निचऱ्याची भोकं असतात, कारण काचेच्या फटीतून दारात पाणी जाणारच हे त्याला ठाऊक आहे. मागच्या बंपरआड हवा बाहेर जाण्यासाठी झडपा असतात. त्या नसत्या तर दार लावताना कानात दडे बसले असते आणि दार दोनदा आपटावं लागलं असतं. म्हणजे पाण्याला पूर्ण बंद अशी गाडी मुळात कुणी बनवलेलीच नाही. बनवणाऱ्यानं पाण्याला वाट दिली. मी आणखी एक देतो.

हौशी : तुमच्या उदाहरणांतच उत्तर आहे. दारात पाणी जातं, पण दाराच्या आत एक पडदा चिकटवलेला असतो. त्याच्या पलीकडे ओलं, अलीकडे कोरडं. भोक आहे ते ओल्या बाजूला. झडपा हवेला एकाच दिशेनं, बाहेर, सोडतात आणि बंपरच्या आडोशाला असतात. गाडी बनवणारा पाणी अडवत नाही, तो ओल्याची आणि कोरड्याची हद्द आखतो आणि ओल्या बाजूला निचरा देतो. स्टेपनीचा खड्डा त्या हद्दीच्या कोरड्या बाजूला आहे. तिथलं भोकही निचऱ्यासाठी नसतं : सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून काढतात, तेव्हा आतला रंग ओघळून जावा म्हणून ते पाडलेलं असतं, आणि नंतर बूच मारतात. बूच काढलं की वरून येणारं पाणी जाईल हे खरं, पण खालून धूळ येईल, धूर येईल, आणि तुंबलेल्या रस्त्यातून गाडी घातली तर पाणीही येईल. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसल्या दिवशी पाणी वरून येतं की खालून, हे विचारायची सोय नसते. आणि भोक फक्त तळ्याचा बंदोबस्त करतं. गालिच्याखालचा नमदा, वायरिंगचे जोड, काही गाड्यांत डिकीतच असलेली बॅटरी किंवा कंट्रोल युनिट, हे सगळं पाण्याच्या वाटेवर आहे. त्यांना तुमच्या बुचाचा काही उपयोग नाही.

आतून सिलिकॉन मारण्याचा तर याहून मोठा धोका. फट बाहेरच्या सांध्याला आणि तुम्ही बुजवलं आतलं टोक. पाणी येणं थांबलं नाही. ते आता दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत साठतंय. डिकी कोरडी, गंज मात्र आतून. आंबट वास येणारं सिलिकॉन असेल तर ते उघड्या पत्र्याला स्वतःच खातं. आणि एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागेवर पुढे ना रंग धरतो ना चांगलं सीलंट. म्हणून भरायचं ते बाहेरून, ओल्या बाजूनं. सांध्याला पीयू सीलंट, दिव्यामागे ब्युटिलची पट्टी, म्हणजे दिवा पुन्हा काढताही येतो.

व्यवहारी : थांबा, आता तुम्हीच स्वतःला अडचणीत आणलंत. तुम्ही म्हणता डिकी कोरडी असूनही पाणी मुरत असू शकतं. मग तुमच्या दुरुस्तीनंतर डिकी कोरडी राहिली, तर त्यावरून काय कळलं? माझी झाली तशीच तीही झाली. उलट माझं तळं निदान खरं बोलत होतं. पाणी येतंय एवढं तरी सांगत होतं. याच न्यायानं चांगला उपाय हा की काहीच बुजवू नये, गालिचा काढून ठेवावा आणि प्रत्येक पावसानंतर खड्ड्यात डोकवावं. किती आलं, कधी आलं, गाडी उभी होती की धावत होती, उतार कुठल्या बाजूला होता. तुमची पावडर तासाभरात जे सांगते ते माझं तळं पावसाळाभर सांगेल, आणि तेही खऱ्या पावसात.

हौशी : हे मला आवडलं, फक्त तुम्ही सुरुवातीला फडकं घेऊन आला होतात आणि आता वही घेऊन उभे आहात. तुम्हीही शोधायलाच लागलात. पण मुद्दा मान्य. कोरडेपणा हा पुरावा नाही. मी फार तर एवढंच म्हणू शकतो : या जागी, या कोनातून पाणी सोडलं की आत येत होतं, ही जागा बाहेरून भरली, आता त्याच कोनातून येत नाही, आणि शेजारच्या पोकळीची बुचं काढून बघितली, तिथेही ओल नाही. ‘गळती गेली’ हे वाक्य माझ्या तोंडी शोभत नाही. तुमच्या तोंडीही शोभत नाही, कारण तुम्हाला कुठली गळती होती हेच माहीत नाही. फरक इतकाच की माझं वाक्य उद्या खोटं ठरलं तर कुठून पुन्हा सुरुवात करायची ते मला ठाऊक असेल.

व्यवहारी : आणि तुम्ही गाडी विकलीत तर? घेणारा डिकी उघडेल, कोरडी बघेल, झाकेल. तुमचा नखाएवढा तडा, तुमचं पीयू सीलंट, तुमचा कोन, यातलं त्याला काही दिसणार नाही. त्याच्या लेखी तुमची शोधून केलेली दुरुस्ती आणि दुसऱ्याची आतून फासलेली रेघ एकाच भावाची. बाजार कोरडेपणाला पैसे देतो, कारणाला देत नाही. गॅरेजवाला हे ओळखून आहे. तुमचं सगळं कौशल्य अशा एका गोष्टीसाठी खर्च होतं, जी फक्त तुमच्यापुरती खरी आहे.

हौशी : तो दोष बाजाराचा. बिलावर ‘डाव्या बाजूच्या वरच्या सांध्यातून पाणी येत होतं, बाहेरून भरलं’ अशी एक ओळ लिहायला गॅरेजला खर्च नाही आणि आपल्याला ती मागायला अडचण नाही. ती ओळ असेल तर पुढच्या माणसाचा शोध तिथून सुरू होईल. आज तो प्रत्येक मालकाला पहिल्यापासून करावा लागतो, म्हणूनच तो इतका महाग वाटतो.

व्यवहारी : ओळ मागू, हे ठरलं. ती लिहिण्याआधी तो जितका वेळ शोधेल त्याचे पैसे तुम्ही देणार का, हे मी आत्ता विचारत नाही. मला दुसरंच सांगा. सांधा भरला, पाइप मारला, बुचं काढून बघितली. गालिचा परत कधी घालणार? ज्या दिवशी घालाल त्या दिवशी तुम्ही बघणं बंद केलं, आणि तुमच्याच म्हणण्याप्रमाणे बघणं बंद करण्याइतका पुरावा तुमच्याकडे कधीच नसणार.

हौशी : निदान हा पावसाळा उघडंच ठेवीन. उतारावर, सपाटीवर, लांबच्या पल्ल्यावर, सगळं होऊ दे. पावसाळा संपला आणि तोवर खड्डा कोरडा राहिला की घालीन.

व्यवहारी : पावसाळा संपल्यावर तर माझीही गाडी कोरडीच असते.